मिंगेल कुलासोचं नाक

सोमवारी बोर्ड्यातलं आमचं हॉटेल बंद,
म्हणून शिकवणी सोमवारी.
आम्ही सात वेटर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ग्लासांची रांग,
आणि तीस वर्षं बोटीवर काढलेला मिंगेल कुलासो.
बाटलीची मान धरतो ती सुईणीनं पोर धरावं तशी.

"आधी बघा. मग हुंगा. घोट शेवटी.
घाई करायला गिऱ्हाईक आहेच."
मी वहीत उतरवून घेतो :
शाब्ली – गारगोटी, शिंपला, हिरवं सफरचंद.
बोर्दो – देवदार, पेन्सिलीचा भुसा, ब्लॅककरंट.
ब्लॅककरंट म्हणजे काय, रोहिदासनं विचारलं.
करवंदाचा परदेशात शिकलेला भाऊ, मिंगेल म्हणाला.
हसलो, आणि तेही लिहून घेतलं.

मागे मोरीवर उमावती वेळीप,
केप्याहून पहिल्या बसनं येते.
धुण्याआधी प्रत्येक ग्लास तोंडासमोर धरते,
मला वाटायचं, डाग बघते.
एकदा कुणी न विचारता म्हणाली,
"शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी
ओल्या फडक्यानं पुसली की येतो,
तसा वास या पांढरीला."
मिंगेल थांबला. म्हणाला,
त्या गावची जमीनच जुन्या शिंपल्यांची आहे.
समुद्र कधीचा उठून गेला तिथून,
वास तेवढा न्यायचा विसरला.

मग तो सोमवार.
बावीस वर्षांची बर्गंडी,
किंमत मालकानं खालच्या आवाजात सांगितलेली.
मिंगेलनं ग्लास फिरवला, डोळे मिटले :
"ओला पाला. अळंबी. चामड्याचा जुना पट्टा."
आम्ही सातही जणांनी हुंगलं
आणि सातही जणांना पट्टा आला.

मोरीवरून आवाज :
"ही बाटली दुयेंत आसा."
दुयेंत. आजारी.
"वारुळावरची अळंबी मी खुडलीय, देवाला विचारून.
हा वास तिचा नव्हे.
भिजून सुकलेलं गोणपाट आहे हे,
रेशनच्या दुकानातलं, मागच्या कोपऱ्यातलं."

मिंगेल बूच हातात घेऊन उभा राहिला.
नाकाशी नेलं नाही.
खुर्ची ओढली, बसला.
दोन वर्षं झाली, म्हणाला, ताप येऊन गेला.
तेव्हापासून कॉफी फक्त गरम लागते.
तुम्हाला शिकवलं ते बाटलीवरचं नाव वाचून,
सगळं पाठ होतं.

रोहिदासनं उगाच टेबलक्लॉथची सुरकुती सारखी केली.
फ्रीज मध्येच घरघरला आणि गप्प झाला.

आता शिकवणीला टेबलाच्या त्या बाजूला दोन खुर्च्या.
उमावतीचा पगार दोनशेनं वाढला,
मालक आधी पाचशे म्हणाला होता.
ग्लास अजून तीच धुते.
जिभेला थेंब लावत नाही,
लावला तर घरी सासूला बसमधूनच कळेल, म्हणते.

काल दुसरी बर्गंडी उघडली.
"आली अळंबी?"
"आली."
"कसली?"
"श्रावणातली. वारुळाच्या सावलीच्या बाजूची.
छत्री अजून उघडायची आहे,
देठाला तांबडी माती."
मिंगेलनं घोट घेतला, गालात फिरवला.
या वेळी डोळे मिटले नाहीत,
तिच्याकडे बघतच गिळला.
"आणीक," म्हणाला.
तिनं बाटली पुढं सरकवली.
"वायन न्हय गो," तो म्हणाला. "सांग."