नव्वद सेकंदांची मुदत

ओलेसुंड, नोव्हेंबर. चार वाजताच खिडकी काळी.
तळमजल्यावर तोर्गुन दोन यंत्रांमध्ये
पिवळी केबल लावते, वहीत रकाने आखते:
तीन. चार. चार-एक. चार-दोन.

वरच्या मजल्यावर साठ वर्षांचे मासे आहेत.
म्हणजे मासे नाहीत, त्यांच्या कानातले खडे,
चिरून, फोटो काढून ठेवलेले.
खोडासारखी त्यांत वर्षांची कडी.
बारा लाख फोटो. ते सर्व्हरवरून
धड आणि वेळेत यावेत, एवढंच काम.

दर फेरीआधी ती कॅश पुसते.
न पुसता मोजलं तर यंत्र आठवणीतूनच सांगतं,
आणि आठवणीतलं उत्तर नेहमी चपळ.
पहिल्या दिवशी ती या चपळाईला भुलली होती.
ओडलाइव आकडे बघून म्हणाला,
"हे नेटवर्क नव्हे बाई, हे तुझ्या मशीनचं पाठांतर."

तीन नंबर विसरभोळा.
कोण आलं, कोणी काय उघडलं, ध्यानात ठेवत नाही.
दारी आलेल्या प्रत्येकाला
पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाढतो.
तोर्गुन केबल उपटते. पडद्यावर ओळ:
सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू.
ती वर जाते, पावावर तपकिरी चीज ठेवून खाते,
खाली येते, केबल लावते.
सर्व्हर ठीक.
रुसवा नाही, चौकशी नाही,
कॉपी थांबली होती तिथून पुढे.

चार नंबरला आठवतं.
कुणाचं कुलूप, कुणाची मुदत कधी सरते, सगळं.
म्हणून तो पडून उठला की दार अर्धंच उघडतो.
नव्वद सेकंदं.
आधी जुन्यांनी आपापलं सांगायचं,
तोवर नव्याला कुलूप नाही.

तोर्गुन घड्याळ लावून बसते.

सप्टेंबरात ती अकरा महिन्यांनी कामावर आली
तेव्हा तिच्या खुर्चीवर सुन्निवाचं स्वेटर होतं.
कोणी काही बोलेना.
ओडलाइवनेच ते उचलून खिडकीत ठेवलं:
"थांब गं जरा, आधी हिला तिचं सांगू दे."
आणि हिला सांगता येईना.
मग माझा. चौदा नंबरची किल्ली.
हा दिवा... नाही, दिव्याचं नक्की नाही.
जे आठवलं नाही ते त्या दिवसापासून सुन्निवाचं.
तसाच नियम आहे.

एकोणनव्वद. नव्वद.
लॉगमध्ये हालचाल.

बारक्या फायलींत तीन किंचित पुढे.
मोठ्या कॉपीत चार-दोनला तोड नाही:
माल उंबऱ्याबाहेर काढतच नाही,
घरातल्या घरात सरकवतो.
शेरा: चार-दोन घ्यावा.

"ती मुदत कमी करता येते ना?"
ओडलाइव कोट चढवता चढवता विचारतो.
"येते," ती म्हणते,
आणि आकडा होता तसाच ठेवते.