साडेसहा नंबर

नगरपालिकेचा माणूस म्हणाला,
नव्या इमारतीवर पाटी लावायचीय, बाईंवर दोन ओळी सांगा.
दोन ओळींत मला काय येतं?
मला मोजे येतात.

बाईंचा हात साडेसहा नंबरचा.
आचाओच्या इस्पितळात तेव्हा काही फेकून देत नसत.
रबरी मोजे उकळायचे, चुलीवरच्या दोरीला टांगायचे,
मग एकेक फुगवून कानाशी धरायचा.
सुस्कारा ऐकू आला, की तिथे ठिगळ.
डाव्या तर्जनीचं टोक आधी जायचं, नेहमी.
पोटात जिथे दिवा पोचत नाही
तिथे मी या बोटाने बघते, म्हणायच्या.

पहिल्यांदा आल्या त्या बटाट्यांच्या होडीतून,
ओकून ओकून हिरव्या पडलेल्या,
धक्क्यावर पाय ठेवला आणि विचारलं,
"आजारी कोण आहे?"
ओनोफ्रे म्हणाला, "सध्या तरी तुम्हीच."
पुढे त्याच ओनोफ्रेचा अंगठा
गळाच्या दोराने मुळासकट ओढून नेला.
भावाने तो लोकरीच्या टोपीत घालून आणला.
जनरेटर दोनदा बंद पडला,
मी कंदील धरून उभी, हाताला मुंग्या,
आणि बाई शिव्या देत होत्या,
जनरेटरला, दोराला, ओनोफ्रेच्या आईला सोडून सगळ्यांना.
अंगठा लागला. वाकत नाही,
पण पत्ते धरता येतात, आणि हरताही येतं.

कागदावर बाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
औषधवाला एरार्दो चिठ्ठी उलटी धरून वाचायचा.
कातडीवर मात्र वळणदार.
तरणा डॉक्टर शिकायला आला,
त्याचा सातवा टाका वाकडा पडला, कुणाला दिसलाही नसता.
"उसव," म्हणाल्या. "पुन्हा घाल.
त्याला हा आयुष्यभर अंगावर घालायचाय."

लोक म्हणायचे, हाताला गुण आहे.
बाई चिडायच्या. गुण हाताला असता
तर लिन्लिनची ती नऊ वर्षांची पोर
वाऱ्यामुळे दोन दिवस उशिरा पोचूनही जगली असती.
त्या रात्री मोजे मला धुवायला दिले नाहीत.
स्वतःच धूत बसल्या,
पाणी गार झालं तरी.
मी चुलीत लाकूड सारत राहिले.
पोरीचं नाव त्यांनी पुढे कधी घेतलं नाही,
म्हणून मीही घेत नाही.

मग एका मार्चमध्ये, साधा हर्निया, सकाळची वेळ,
बाईंनी सुरी माझ्या ताटलीत परत ठेवली.
आवाज झाला नाही इतकी हळू.
"रोसाऊरा, आज माझं बोट माझ्याशी खोटं बोललं."
पुढचं त्या तरण्याने केलं.
त्यानंतर बाई आत आल्या त्या फक्त बघायला,
हात पाठीमागे बांधून,
शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

मयताला बेटाबेटांवरून होड्या आल्या.
एवढी माणसं म्हटल्यावर मेंढ्या तीन कापाव्या लागल्या.
रात्री चिचा पोटात गेल्यावर
एकाने सदरा वर केला, अपेंडिक्स दाखवलं.
मग दुसऱ्याने. मग म्हाताऱ्या दोमितिलाने
लाज सोडून तीन लेकरांची वाट दाखवली.
शवपेटीभोवती सगळी उघडी पोटं, कंदिलाच्या उजेडात.
पाद्री आला आणि दारातच थांबला.
मी माझं दाखवलं नाही.
माझ्या अंगावर त्यांचा एकही टाका नाही.
एकतीस वर्षं मी धडधाकट राहिले,
आणि त्या रात्री पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं.

एक डावा मोजा माझ्याकडे उरलाय.
काल फुगवून कानाशी धरला.
तर्जनीतून सुस्कारा आला.
ठिगळ लावलं नाही.

पाटी लागली अखेर. माझ्या ओळी नाहीत,
नाव आणि तारखा आहेत.
कार्कामोमधलं एक अक्षर चुकलंय.
नगरपालिकेचा माणूस म्हणतो, दगड आहे, आता काय करणार,
कुणाला दिसतंय.

उसव म्हटलं त्याला.
पुन्हा घाल.