पूर्वीचे कब्जेदार

म्हापशाच्या कचेरीतली वही वाळवीनं खाल्लेली,
तरी लागलं:
१९०७, कायतान मिनेझिस, पोदेर.
मग त्याची विधवा, नाव नाही, नुसती विधवा.
लिलावात शाबा नाटेकर; त्यानं भट्टी बुजवून
काजूच्या गोणी रचल्या.
मुक्तीनंतर दोन वर्षं शाळा.
पुढं पान कोरं.

अस्नोड्याला येऊन गिलावा खरवडला.
आत कोळशाच्या रेघा, चार उभ्या, एक आडवी,
अशा कितीतरी जुड्या.
पावांचा हिशोब असेल. किंवा दिवसांचा.
आणि सगळ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर:
कुणी खाली बसून मोजत होतं,
नाहीतर अजून वाढायचं होतं.

तलाठ्याच्या अर्जात रकाना आहे, पाच ओळींचा.
चार भरल्या.
पाचवीत
आडवी रेघ ओढली.