चावी माझ्याकडे असते

पाटीवर लिहिलंय :
चॅपेलची चावी मादाम रूकेत यांच्याकडे,
निळ्या खिडक्यांचं घर.
खिडक्या आता निळ्या राहिल्या नाहीत,
रंगाचे पोपडे उडून राखाडी लाकूड वर आलंय.
तरी लोक येतात बरोबर,
कुत्रं भुंकतं त्या दिशेने.

चावी वीतभर लांब, अर्ध्या किलोची.
ती मी कुणाच्या हातात देत नाही.
फोडायचे अक्रोड तसेच टाकते टेबलावर,
एप्रनला हात पुसते
आणि म्हणते, चला.

चढण आहे. गुडघे माझे आहेत,
तेव्हा मी थांबेन तिथं तुम्हीही थांबायचं.

पहिल्यांदा कबुतरखान्याशी.
चारशे खोबण्या, कबूतर एकही नाही.
माझ्या पणजीला हुंड्यात
सहा पोती कबुतरांची शीट मिळाली होती,
द्राक्षमळ्याला खत म्हणून.
हसा. सगळेच हसतात.
पणजोबा हसले नव्हते, पोती मोजून घेतली त्यांनी.

मग झऱ्याशी.
दोन दऱ्यांपलीकडे जमिनीत गडप होणारी नदी
इथं वर येते म्हणतात.
एकोणसाठ साली मास्तर गास्तोंनी
तिकडे हिरवा रंग सोडला, खरंखोटं करायला.
आम्ही पोरं तीन दिवस इथं डोळे लावून बसलो.
चौथ्या दिवशी शाळा होती.
पाचव्या दिवशी फाब्रांची बदकं हिरवी झाली.

आता दार. खांदा लावावा लागतो.
आत जरा उभे राहा नुसते,
डोळ्यांना अंधार सरावू द्या.
ती बघा, डाव्या भिंतीवर :
हातात दिवा, पायाशी मासा,
झग्याची प्रत्येक चुणी शाबूत
आणि चेहरा नाही.

फलक सांगतो, ओल.
लियोंचे एक प्राध्यापक म्हणाले, क्रांतीतले लोक,
छिन्नी घेऊन गावोगाव फिरत असत.
एक डच जोडपं आपसात बराच वेळ भांडलं,
शेवटी धर्मयुद्धांवर त्यांचं एकमत झालं.
मी सगळ्यांना मान डोलावते.

त्या वर्षी मी नऊची होते.
ईस्टरच्या आधीचा शनिवार, आई बाकं पुसत होती,
माझ्याकडे बादली, धुण्याचा सोडा, काथ्याचा ब्रश.
मेणबत्त्यांच्या काजळीने तिचं तोंड काळं झालेलं.
शनिवारी रात्री आई माझं घासायची,
तसंच घासलं मी, कानामागेसुद्धा.
आधी काजळी गेली.
खाली इतका गोरा गाल निघाला
की मला जोर चढला.
मग गाल गेला.
मग डोळे ब्रशवर आले.

ब्रश धुतला झऱ्यावर.
पाणी विटकरी झालं आणि वाहून गेलं.
कुणी पाहिलं नाही,
बदकांशिवाय.

पाद्रीबाबा आन्सेल्म पावसाळी हिवाळ्याला दोष देत वारले.
आई काहीच बोलली नाही;
बादली मात्र पुन्हा माझ्याकडे दिली नाही कधी.

गेल्या एप्रिलात तुलूजहून एक मुलगी आली, माएल,
भिंती दुरुस्त करणारी.
दिवा तिरका धरून नाक भिंतीला टेकेल इतकी जवळ गेली.
खूप वेळाने म्हणाली,
ही ओल नाही, मादाम.
कुणीतरी घासलंय. गोल गोल. लहान हात होता.
मी म्हटलं, कॉफी घेणार?
घेते, म्हणाली.
माझ्या हातांकडे तिनं एकदाच पाहिलं.
वहीत काय लिहिलं कोण जाणे,
फलक अजून तोच आहे.

तुम्हाला का सांगितलं?
तुम्ही फोटो काढला नाहीत म्हणून असेल.
किंवा अक्रोड फोडायचा कंटाळा आला होता.

डब्यात नाणं टाका, सक्ती नाही.
दार ओढून घ्या, नाहीतर शेळ्या शिरतात.
आणि उतारावर माझ्या पुढे चाला,
घसरलेच
तर पडायला काहीतरी मऊ हवं.