सोळा दात

माझ्या भावाला आणि ऑर्कनीच्या लाउटिट मास्तरांना
एकमेकांचा आवाज ठाऊक नव्हता.
सव्वीस वर्षं नुसती पत्रं,
आणि पत्रांच्या घडीत शेवाळ.

पहिली चार वर्षं कोरडं ‘महाशय’.
मग ‘प्रिय महाशय’.
ज्या हिवाळ्यात लाउटिटांची धाकटी घटसर्पाने गेली
त्या हिवाळ्यात भावाने लिहिलं
‘माझ्या प्रिय लाउटिट’,
आणि लगेच खाली
पाणथळीतल्या एका शेवाळाच्या देठाची लांबी.
सांत्वनाचं अक्षर नाही.
मी रागावले होते त्याच्यावर.
उलट टपाली उत्तर आलं:
‘माझ्या प्रिय आर्कल,
तुमचं माप बरोबर आहे. मी तीनदा मोजलं.
मोजत बसलो तेवढा वेळ बरा गेला.’

हेक्सहॅमच्या आमच्या औषधांच्या दुकानात
पुढे खोकल्याच्या वड्या, मागे सूक्ष्मदर्शक.
सेप्टिमस बघायचा, चित्रं मी काढायची,
नाव त्याचं छापून यायचं.
ते असो.

एकदा हॉय बेटाच्या कड्यावरून उतरवलेलं
चिमूटभर काही आलं.
बशीत पाणी घातलं तशी
आळस देत उठलं ते, हिरवं झालं,
वाटेत जरा डोळा लागला होता म्हणे.
कुपीच्या तोंडाशी दातांची कडी: सोळा.
तीन रात्री ग्रंथ चाळले सेप्टिमसने.
असं कुठे नव्हतंच.
नवी जात!
तिला त्याने लाउटिटांचं नाव दिलं,
मागे लॅटिनची शेपटी जोडून.

माझ्या चित्रात त्या सोळांच्या आत
बारीक खुंट होते, केसाच्या टोकाएवढे.
‘धूळ आहे ती,’ तो म्हणाला. ‘खोड.’
मी पावाच्या गराने खोडले.

अकरा वर्षं ते नाव सुखाने नांदलं.
मग बहात्तरच्या नोव्हेंबरात
कुण्या शिकाऊ डॉक्टराने तिथलंच शेवाळ
डब्यात, ओल्या फडक्यात, जपून आणलं.
बाहेर सोळा दात. आत आणखी सोळा,
काचेसारखे, श्वासाने हलणारे.
म्हणजे जुनंच ते, दर ओढ्याकाठी मिळणारं.
आमच्या पाकिटावर फक्त
टपाल कचेरीचा शिक्का जोरात बसला होता.

त्या रात्री सहा कागद फाडले सेप्टिमसने.
माणसाला दिलेलं नाव
परत कुठल्या तोंडाने मागायचं?
सातवा कागद मी टपालात टाकला.

उत्तराला तीन आठवडे लागले; समुद्र खवळलेला.
‘माझ्या प्रिय आर्कल,
निम्मे दात माझेही गेलेत.
तेवढ्याने मी नवी जात ठरत नाही,
असं घरच्यांचं मत आहे.
सोबत थोडं शेवाळ, या खेपेला लोकरीच्या मोज्यात.
मोजा परत पाठवावा. जोडीतला आहे.’

भाऊ हसला.
दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी हसला.

मोजा पाठवायचा राहिलाच.
मार्चात त्यांच्या सुनेचं पत्र आलं, काळ्या किनारीचं,
आणि मागून एक पेटी:
भावाची सगळी पत्रं,
साल लावून, सुतळीने बांधलेली.

तळाशी माझं चित्र.
एकसष्ट साली आम्ही पाठवलेली पहिली छापील प्रत.
सोळा दातांच्या आत, फिक्या पेन्सिलीने,
सोळा दात भरलेले.
मी जिथे जिथे खोडलं होतं, नेमके तिथे.
कोपऱ्यात तारीख.
एकसष्टचाच जून.

‘काय काय आहे गं पेटीत?’
सेप्टिमस खालून विचारतो. बाटल्यांना चिठ्ठ्या लावतोय.
‘पत्रं,’ मी म्हणते. ‘तुझीच.’
चित्र पुन्हा तळाशी सरकवते.

मोज्याची टाच विरलीय.
रफू करायला घेतलाय.