पुढील आदेशापर्यंत

नवलखा स्टॉप सोमवारपासून बंद.
कागद काचेवर तिरपा चिकटवलाय,
सहीवरून डिंकाचा ओघळ.
प्रवाशांनी पुढच्या स्टॉपचा वापर करावा,
असं हिंदीत, अगदी अदबीनं.

पुढचा स्टॉप किती लांब, ते नाही लिहिलं.
रईसाबाई कुठे चढणार, तेही नाही.

आठ-चाळीसला फॉल-पिकोच्या साड्यांचं गाठोडं आधी आत यायचं,
मग ती, मग तिचं "जरा सरको, भाभी".
दोन वर्षं मी सरकतेय.

सोमवारी सरकले. कुणी बसलं नाही.
मंगळवारी शेजारी डबा ठेवला.
बसमधली रेकॉर्डवरची बाई मात्र म्हणालीच,
अगला स्टॉप, नवलखा,
आणि बस न थांबता
उखडलेल्या फरशांजवळून निघून गेली.
तिला कुणी कळवलेलं दिसत नाही.

शुक्रवारी, जीपीओला,
गाठोडं आलं आधी.
मग ती, एक चप्पल हातात, अंगठा तुटलेली.
तीन दिवस ऑटोला पैसे गेले, म्हणाली,
आज पायीच.
"कब तक बंद है, भाभी? तुमने तो पढ़ा होगा."

पुढील आदेशापर्यंत, मी सांगितलं.

दातात दोरा धरून
ती चप्पल शिवायला बसली.
"आदेश किसका?"

मी डबा मांडीवर घेतला.