अक्षराला दोन रुपये

बर्तन बाजारात, राजवाड्याच्या मागच्या अंगाला,
नेमीचंद शेठच्या ओट्यावर माझं स्टूल.
विजेची लेखणी किर्र करत स्टीलवर चालते
आणि मी नावं घालतो.
सौ. सुनंदामावशीकडून चि. अन्वयास.
कै. तात्यांच्या स्मरणार्थ, डबा नग एक.
अक्षराला दोन रुपये. काना-मात्रा फुकट.

शांतवन आढाव माझं नाव. आजोबा नगरकडून
मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होऊन आले,
तेव्हापासून आम्ही इंदूरचे:
देवळात मराठी, बाजारात हिंदी,
आणि सकाळच्या पोह्यांवर दोन्हींची शेव.

त्या रविवारी पाळकांनी जखऱ्याचा शेवट घेतला.
एक दिवस असा येईल म्हणे,
घोड्यांच्या घंटांवरसुद्धा त्याचं नाव असेल,
घरोघरची हंडी वेदीपुढच्या कटोऱ्याच्या तोलाची होईल,
आणि त्याच्या घरात व्यापारी उरणार नाही.
बाकीचे डोळे मिटून ऐकत होते.
मी हिशेब करत होतो.
एवढं थोरलं यरुशलेम, घरटी दहा भांडी धरली तरी
कोण घालणार ही नावं? किती वर्षं? कुठल्या दरानं?

हसू नका. ज्याला त्याला आपापलं दिसतं.
पण ते व्यापाऱ्याचं शेवटचं वाक्य
माशाच्या काट्यासारखं घशात आडवं बसलं.
कारण शनिवारीच शेठनं चाळीस लोटे पुढे सरकवले होते,
आत स्टील, वर तांब्याचा मुलामा,
आणि म्हणाला, "शुद्ध तांबे घाल."
मी घातलं. वळणदार. 'शुद्ध'मधलं जोडाक्षर
माझ्याइतकं अख्ख्या बाजारात कुणाला जमत नाही.

उपासनेनंतर सालोमीबाई चहाचे कप विसळत होत्या.
पाळकांना विचारायची लाज वाटली, म्हणून त्यांना विचारलं.
"अरे, हंडीला कुठं वाचता येतंय?
आत काय शिजलं, कुणाला वाढलं,
तेवढंच तिला कळतं."
आणि ओला कप माझ्या हातात देऊन: "पूस."

सोमवारी रहमत आला, वरातीची घोडी खांबाला बांधून.
तिच्या गळ्यातली पितळी घंटा काढून दिली,
मोबाइल नंबर घाल म्हणाला, दहा आकडे.
लेखणी टेकवली आणि हात थांबला.
वाटलं, नंबराऐवजी ते दुसरंच कोरावं,
एक तरी घंटा झाली असती.
तो तोवर घोडीपुढे भिजवलेले हरभरे मांडत होता.
त्याचा डबा शेजारी, फडक्यात बांधलेला.
"पहले ये," म्हणाला, मी काही विचारलं नव्हतं तरी.

मी नंबरच घातला. नीट.
वीस रुपये घेतले.

मग लोट्यांकडे वळलो.
कोरलेलं पुसता येत नाही,
हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.
पुढे लिहिता मात्र येतं.
चाळीसही लोट्यांवर, 'शुद्ध तांबे'च्या पुढे,
त्याच वळणात, त्याच उंचीची
दोन अक्षरं घातली: नाही.
यांचे पैसे कुणाकडून घ्यायचे नव्हते.

शेठ बाराला येतो.
माझं स्टूल मी अजून उचललेलं नाही,
ते त्याचं काम.
लेखणी गार होते आहे.
बाहेर घोडीचं खाऊन झालं,
आणि रहमतनं आत्ता कुठं डबा सोडला आहे.